ताप न येणारी लस

मला एका जागी बसवत नाही. जेवताना ताटावरून उठून दारापर्यंत जाऊन येतो. घरातले म्हणतात, अहो, दोन घास तरी सुखानं खा की. लोकांना वाटतं स्वभावच तसा. स्वभाव होताच, पण त्याचं दुखणं झालं ते अंबड तालुक्यातल्या एका गावी, निजामाच्या राज्यात मी तिथं एकटा मास्तर होतो तेव्हा. त्या वर्षी मी एका बाईच्या लेकीच्या जिवाशी खेळलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं आडपडदा राहणार नाही.

मी जुन्या जालन्याचा. कापडाच्या दुकानांच्या गल्लीत वाढलेला, डोक्यानं तापट आणि तोंडानं त्याहून. उर्दू बरी होती म्हणून नोकरी लागली. शाळा म्हणजे चावडीला लागून एक खोली. जमीन शेणानं सारवलेली, भिंतीला एक फळा आणि पोरं मिळतील तशी. कापूस वेचायला लागला की वर्ग निम्मा रिकामा. मग मी सकाळी घरोघर फिरायचो, ओसरीवर उभा राहून ओरडायचो. एका आजोबांनी तर मला तोंडावर विचारलं, "मास्तर, सरकारनं तुमाला शिकवायला पाठिवलं का हाकारे घालायला?"

हाकारेच घालायचो मी, दुसरं काय! आमच्या शाळेचं मोजमाप एकच होतं, हाजिरी. वर्षातून एकदा मोहतमीमसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, मुआयन्याला यायचे. आले की पोरं रांगेत उभी करायची, पटावरची नावं पुकारायची, डोकी मोजायची. पटावर चाळीस आणि समोर वीसच निघाली की शाळा उचलून दुसऱ्या गावाला. शेजारच्या गावची शाळा अशीच उचलली होती आणि तिथला मास्तर पार तेलंगणात जाऊन पडला होता. पोरांना काय येतं, हे विचारायला साहेबांना सवड नसायची, कारण संध्याकाळपर्यंत त्यांना अजून दोन शाळांतली डोकी मोजायची असत. मी रोज सकाळी मोजायचो, दुपारच्या सुट्टीनंतर पुन्हा मोजायचो. शिकवता शिकवताही मोजायचो. पाढे म्हणून घेताना माझं बोट आपोआप पोरांवरून फिरायचं.

पोरांना काय येतं, हे विचारणारं गावात एकच माणूस होतं. एक शेतकरीण. तिची मुलगी आमच्या शाळेतली एकुलती एक मुलगी, आठेक वर्षांची. लोक त्या बाईची टवाळी करायचे, लेक काय चुलीला पुस्तक वाचून दाखवणार का म्हणून. तिच्यावर काडीचा परिणाम नाही. पोरगी रोज शाळेत, अंगावर धुतलेलं झंपर, केसाला तेल. आणि दर बाजाराच्या दिवशी ही बाई डोक्यावर पाटी घेऊन शाळेच्या दाराशी थांबायची.

"मास्तर, ह्या आठवड्याला काय नवं आलं हिला?"

"जोडाक्षरं चाललीत, वहिनी."

"त्यानं काय व्हतं?"

"पत्र वाचता येईल."

"मंग वाचंल तवा खरं," असं म्हणून ती चालू लागायची. मला राग यायचा. साहेब विचारत नाहीत आणि ही कोण विचारणार! पण खरं सांगतो, त्या पोरीला शिकवताना मात्र माझं बोट मोजायचं थांबायचं. तिला एकदा सांगितलं की कळायचं, आणि कळलं की ती पाटीवरून मान वर करून माझ्याकडं अशी बघायची की मीच काहीतरी शिकलोय असं वाटायचं.

त्या वर्षी माघात मुआयन्याचा हुकूम आला आणि त्याच आठवड्यात गावात देवी काढणारा आला. आम्ही त्याला टीकेवाला म्हणायचो. सायकल, खाकी टोपी, काचेच्या बारक्या नळ्यांत लस आणि बगलेत भलंमोठं रजिस्टर. मला बघताच म्हणाला, "मास्तरसाब, तुमची पोरं द्या. घरोघर गेलो तर बाया दारं लावून घेतात. शाळेत एका दमात काम होतं."

मी लगेच मनात दिवस मोजले. टोचलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी दंड सुजतो, ताप भरतो, काखेत गाठ येते. पोरं आठ-दहा दिवस घरी. आणि दहा दिवसांनी साहेब! मी त्याला म्हणालो, मुआयना होऊ द्या, मग या. तो म्हणाला, न्हाई जमायचं, ह्या महिन्याची गिनती भरायची हाये, कमी पडली तर वरून जवाब विचारतात. मी म्हणालो, तुमची गिनती भरते आणि माझी रिकामी होते, त्याचं काय? आम्ही बराच वेळ भांडलो. मी आवाज चढवला, त्यानंही चढवला. मग दोघंही दमून ओट्यावर बसलो. मी त्याला पाणी दिलं. तो वाईट माणूस नव्हता. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, घरी चार लेकरं, आणि गुडघे सायकलीनं गेलेले. त्यानं मला रजिस्टर उघडून दाखवलं. नाव, बापाचं नाव, गाव आणि शेवटचा रकाना कामयाब की नाकामयाब. म्हणजे आठ दिवसांनी परत यायचं, दंडावर फोड आलाय का बघायचं, आला असेल तर कामयाब लिहायचं.

"आठ दिसांनी परत येता?" मी विचारलं.

तो हसला. "इतक्या गावांत परत कवा जाणार? आमी आजच लिहून टाकतो."

तेव्हा मी ते बोललो. त्यानं नाही सुचवलं, मी बोललो. म्हणालो, "ताप न येणारी लस नसते का हो तुमच्याकडं?"

तो थट्टा समजून हसला. मग हसता हसता थांबला आणि सायकलीच्या पिशवीकडं बघायला लागला. म्हणाला, "हाये. मेलेली हाये. मागच्या खेपंची. उन्हात राह्यली, खराब झाली. टाकायची व्हती, पण टाकली तर हिशेब द्यावा लागतो."

"मेलेली म्हणजे?"

"टोचलं तर टोचलं. फोड येत न्हाई, ताप येत न्हाई. काहीच व्हत न्हाई."

पुढचं आम्ही दोघांनी मिळून जुळवलं. आता मेलेली लस टोचायची, त्याची गिनती भरेल, माझी हाजिरी बराबर राहील. मुआयना झाला की शिमग्याच्या आत त्यानं ताजी लस घेऊन यायचं आणि पोरांना खरं टोचायचं. त्यानं छातीवर हात ठेवून कबूल केलं. मलाही ते पटलं. पटलं काय, मी खूश झालो! वाटलं, काय डोकं चालवलं आपण. कुणाचं काही बिघडत नाही, फक्त महिनाभर उशीर.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरांना टोचलं. रडारड, पळापळ, एकजण तर खिडकीतून उडी मारून मारुतीच्या देवळात लपला. ती पोरगी मात्र बाही वर करून स्वतः पुढं आली आणि सुई लागली तरी तोंडातून शब्द नाही. टीकेवाल्यानं तिच्या नावापुढं कामयाब लिहिलं. उर्दूत लिहिलं होतं, पण वळणदार होतं.

आठ दिवसांनी तिची आई दाराशी आली. "मास्तर, हिच्या दंडावर कायच उठलं न्हाई की वो. माझ्या ल्हानपणी तर भला मोठा फोड आल्ता."

मी फळा पुसत होतो. पाठमोराच म्हणालो, "रक्त चांगलं असलं की नाही उठत, वहिनी."

"आसं व्हय!" ती म्हणाली, आणि लेकीचं रक्त चांगलं म्हणून खुशीत निघून गेली. तो दिवस आठवला की मला आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मला असलं काही ठाऊक नव्हतं. तोंडाला आलं ते बोललो.

मुआयना झाला. पटावर होती तितकी पोरं समोर उभी. साहेबांनी दोनदा मोजली, कारण पहिल्यांदा त्यांचा विश्वास बसेना. मग टीकेवाल्याचा दाखलाही बघितला आणि शेरा लिहिला, की हाजिरी पूर्ण, पोरं तंदुरुस्त, मास्तर मेहनती. साहेबांचा टांगा वेशीबाहेर गेला आणि मी खोलीत येऊन एकट्यानंच टाळ्या पिटल्या. शाळा राहिली! गावात पेढे नव्हते, मी पोरांना गूळ वाटला.

मग शिमगा आला आणि टीकेवाला आला नाही. रंगपंचमी झाली, तरी नाही. आणि तिथून माझं बसणं संपलं. दिवसातून दहादा वेशीपर्यंत जायचो आणि रस्त्यावर सायकल दिसते का बघायचो. पोरं लिहायला बसवायची आणि आपण दारात. शेवटी एका जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, पायी निघालो. दोन गावं पालथी घातली, तिसऱ्या गावच्या बाजारात तो सापडला. चहा पीत होता.

"काय हो! शिमग्याच्या आत येणार होता!" मी सगळ्या बाजारासमोर ओरडलो.

त्यानं मला बाजूला घेतलं. हात जोडले. म्हणाला, "मास्तरसाब, लस गिनतीनं मिळते. जितकी पोरं बाकी तितकी लस. तुमची पोरं तर कामयाब झाली. कामयाब पोरांसाठी दुसऱ्यांदा लस कशी मागू? मागितली तर विचारतील, पैल्यांदा काय केलं. माझी नोकरी जाईल आणि तुमचीबी."

"मग पोरांचं काय?"

"पुढच्या हिवाळ्यात. नव्या नावांत घालून टोचतो. बिलकुल टोचतो. एक उन्हाळा तर काढायचा हाये." मग चहाचा कप खाली ठेवून हळूच म्हणाला, "तेवढं गोदेकडच्या गावांत कुणाला जाऊ देऊ नका. तिकडं देवी आल्यात."

परत येताना सबंध वाटभर मी स्वतःशी बडबडत होतो. एकदा ठरवलं, थेट तहसीलला जाऊन खरं सांगायचं. मग डोळ्यासमोर साहेबांचा शेरा यायचा, शाळा उचललेली दिसायची, तेलंगणातलं एखादं खेडं दिसायचं. मग ठरवलं, उद्या सांगू. गावात पोचेपर्यंत माझं तीन वेळा ठरून तीन वेळा मोडलं होतं.

चैत्र लागला. एका सकाळी शाळेच्या दाराशी गलका झाला. ती बाई पळत आली होती. डोक्यावरचा पदर घसरलेला, हातात एक पत्र.

"वाचलं, मास्तर! अक्षर न् अक्षर वाचलं! माझ्या भावाचं पत्र हाये, त्याचं लगीन ठरलं. कुणाकडं न्यायचं न्हाई काय न्हाई, हिनं चुलीपुढं बसून मला वाचून दाखिवलं!"

पोरगी मागं उभी होती, लाजून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत. मी आईच्या हातून पत्र घेऊन पोरीला दिलं आणि म्हणालो, पुन्हा वाच बघू. तिनं वाचलं. एका जोडाक्षराला अडखळली, थांबली, स्वतःच दुरुस्त केलं. माझे डोळे भरून आले. साहेबांच्या शेऱ्यानं जे झालं नव्हतं ते झालं. आणि वाचता वाचता तिनं गावाचं नाव वाचलं. गोदेकाठचं गाव.

"परवा निघून राह्यले," आई म्हणाली. "हिलाबी नेते. माहेरच्यांना दाखविते, माझी लेक पत्र वाचती म्हणून. त्यांना खरंच वाटंना."

"तिला नका नेऊ," मी म्हणालो.

"का वो?"

"तिकडं देवी आल्यात."

"टोचलंय की हिला! आणि रक्त बी चांगलं हाये, तुमीच म्हणले व्हते ना."

"तरी नका नेऊ."

ती माझ्याकडं बघून हसायला लागली. दारात उभ्या असलेल्या दोघी-तिघीही हसल्या. "आगं बया, मास्तरांची हाजिरी कमी व्हईल म्हणून जीव वर-खाली होऊन राह्यलाय! मास्तर, पंधरा दिसांत आणून देते तुमची पोरगी. मोजून घ्या!"

सगळे हसले. पोरगीसुद्धा. आणि मला राग आला. कसला राग आला ते मला आजही नीट सांगता येत नाही, पण कानशिलं तापली आणि मी ओरडलो, "न्या मग! न्या! माझ्या बापाचं काय जातंय!"

त्या दोघी ठरल्या दिवशी गेल्या. बैलगाडी वेशीतून गेली तेव्हा मी शाळेत होतो. पोरीनं गाडीतून हात केला असेल, तर मी तो बघितला नाही.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते देवच जाणे. अंथरुणावर पडायचो आणि उठायचो. जेवण अर्ध्यावर टाकायचो. पुढच्या जुम्म्याला निघालो, तिच्या माहेरी जाऊन दोघींना उचलून आणायचं म्हणून. दुपारपर्यंत वाटेतली लहान नदी गाठली. पात्रात गुडघाभर पाणी होतं. पलीकडं गोदेपर्यंत अजून चार कोस राहिले होते. तिथं उभा राहिलो आणि मनात आलं, आज पलीकडं गेलो तर उद्या सकाळी शाळा उघडायला पोचणार नाही. शनिवारी शाळा बंद दिसली तर कुणीतरी वर कळवणार. मी परत फिरलो. हो, परत फिरलो! त्यावर आता मी काही बोलत नाही.

पंधरा दिवस झाले, महिना झाला. आमच्या गावात देवी आल्या नाहीत, ते नशीब. त्यांच्या घरी विचारलं तर म्हणायचे, लग्नघरातच देवी आल्यात, सातजण पडलेत, पोरगीबी त्यात हाये. त्या एका निरोपानंतर तिथून माणूस येत नव्हता आणि इथून कुणी जात नव्हतं. मृगाच्या तोंडावर त्या आल्या. मी दोन दिवस त्या गल्लीत गेलो नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी गेलो.

ती ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती. वाळून गेली होती. मला बघून उठली, घोंगडी टाकली. मी बसलो नाही.

"जीव वाचला, मास्तर," ती म्हणाली. "तेवढीच आईची किरपा. दोन्ही डोळ्यांत फूल पडलंय. उजेड-अंधार कळतो, दुसरं कायबी न्हाई." मग खाली बघत सुपातले खडे वेचत म्हणाली, "तुमी नगं म्हणले व्हते. मीच ऐकलं न्हाई. वर चारचौघींत तुमची थट्टा केली. मला माहेरी मिरवायचं व्हतं ना! माझ्या हातानं केलं मी लेकीचं वाटोळं."

गावात प्रत्येकाला ती हेच सांगत होती, हे मला नंतर कळलं. पण तिनं दोष स्वतःवर घेतला, तेवढंच मला त्या क्षणी पुरलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. लस मेलेली होती. मला ठाऊक होतं. मीच तशी मागितली होती, ताप येऊ नये आणि पोरं मुआयन्याला हजर राहावीत म्हणून. चांगल्या रक्ताचं बोललो ते खोटं होतं. सांगताना माझा आवाज चढत गेला. मला वाटत होतं ती आता किंचाळेल, सूप फेकून मारेल. मारावं असं मला मनापासून वाटत होतं.

तिनं सूप खाली ठेवलं.

"मंग त्या दिशी नगं म्हणले, ते ह्याच्यासाठी?"

"हो."

"हाजिरीसाठी न्हाई?"

"नाही."

"मंग येवढंच म्हणायचं व्हतं, मास्तर. टोचलं ते खोटं हाये, म्हणून. मी गेले नसते. भावाचं लगीन असूंद्या न्हाई तर काय असूंद्या, मी पाऊल उचललं नसतं." ती रडत नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. "का न्हाई म्हणले?"

"साहेबांचा शेरा चांगला आला होता," मी म्हणालो. "वाटलं, शाळा जाईल."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी काहीतरी अजून सांगेन, असं तिला वाटत असावं. माझ्याकडं दुसरं काही नव्हतं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून पोरगी आली. एक हात भिंतीवरून सरकवत, उंबरठा पायानं चाचपत. तोंडभर वण. ती ओसरीच्या खांबाशी येऊन थांबली आणि मान वर केली, अगदी पाटीवरून करायची तशीच, पण तोंड भलतीकडंच.

"आये, मास्तर आल्ते का? आवाज आला."

आईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"आल्ते," ती म्हणाली. "गेले."

मी पोरीपासून दोन हातांवर उभा होतो.